तेलकट मातीची शुश्रूषा

वाचकहो, नागपूरहून रायपूरकडे येणाऱ्या गाडीत आपण कधी बसला असाल, तर दुर्ग सोडल्यानंतर थोड्याच वेळात खिडकीबाहेर रुळांचे एक विस्तीर्ण जाळे आपणांस दिसले असेल. मालगाड्यांचे डबे येथे सोडले-जोडले जातात. कोळशाच्या, खनिजाच्या आणि तेलाच्या डब्यांच्या लांबच लांब रांगा येथे आपल्या पाळीची वाट पाहत उभ्या असतात. या यार्डाच्या कडेने जी वस्ती वाढली तिचे नाव भिलाई-३. पोलादाचा प्रसिद्ध कारखाना पाहावयास येणारे पाहुणे येथे सहसा उतरत नाहीत. आमचे घर मात्र याच वस्तीत आहे. वडील रेल्वेच्या नोकरीनिमित्त गोंदियाहून येथे आले आणि येथलेच झाले. दुर्ग जिल्हा १९५६ पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या राज्यातच होता. त्यामुळे परमुलखात आल्यासारखे आपणांस कधी वाटले नाही, असे आई सांगत असे.

घरामागे बरीच मोकळी जागा होती. वडिलांनी तेथे विहीर खणून घेतली, एक कडुनिंब लावला, आणि आईने उरलेल्या जागेत वांगी, भेंडी, लाल भाजी असा नित्याचा संसार मांडला. १९९८ साली माझ्या धाकट्या भावाने याच जागेच्या रस्त्याकडील अर्ध्या भागात ट्रक-दुरुस्तीचे गॅरेज सुरू केले. मी शाळेत रसायनशास्त्र शिकवीत होतो. माझ्या पगारात जे भागत नसे ते त्या गॅरेजच्या मिळकतीत भागे. वडिलांचे दोन्ही डोळ्यांचे ऑपरेशन आणि माझ्या मुलीचे वसतिगृहाचे शुल्क यांतील मोठा वाटा भावाने उचलला. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढील हकिगतीत सारा दोष त्याच्या माथी मारून मला मोकळे होता येणार नाही.

ट्रकच्या इंजिनातून एका वेळी पंधरा-वीस लिटर जळके तेल निघते. त्यातील बरेचसे भाऊ पिंपात भरून विकत असे. परंतु जे सांडे, जे फिल्टरमध्ये राही, आणि सुटे भाग डिझेलने किंवा रॉकेलने धुतल्यावर जे काळे पाणी उरे, ते सारे मागच्या कोपऱ्यातील एका खड्ड्यात ओतले जाई. वीस-एकवीस वर्षे हा क्रम चालला. त्या खड्ड्याशेजारून मी रोज सकाळी हातात पुस्तके घेऊन शाळेस गेलो आहे. नवव्या वर्गाला मी त्याच दिवशी हायड्रोकार्बनांचा धडा शिकविला असण्याचाही संभव आहे.

२०१९ च्या उन्हाळ्यात विहिरीचे पाणी खूप खाली गेले. मे महिन्यात एके सकाळी भावाच्या पत्नीने बादली वर ओढली आणि ती तशीच कठड्यावर ठेवून मला हाक मारली. "दादा, जरा पाण्याचा वास घेऊन पाहता का?" पाण्यावर मोरपिसासारखे रंग तरळत होते. वास रॉकेलचा होता. कडुनिंबाची खड्ड्याच्या बाजूची फांदी गेल्या दोन वर्षांपासून वाळत चालली होती. तिचे कारण आम्ही वाळवीत शोधीत होतो.

आमच्या कुंपणापलीकडे वीसेक पावलांवर शेजारच्या काकींची विहीर आहे. त्यांच्या घरी तेव्हा आठ महिन्यांचा नातू होता. आम्ही त्यांना ताबडतोब सांगितले. त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून त्यांच्याकडील माणसे रस्त्यावरच्या नळावरून पाणी आणू लागली. उन्हाळ्यात त्या नळावर किती गर्दी असते हे येथे राहणाऱ्यासच ठाऊक. आमच्या दोन घरांत साठ वर्षांचा घरोबा. पण त्या आठवड्यात कुंपणावरून येणारी कढीची वाटी बंद झाली.

त्या रात्री भाऊ म्हणाला, "दादा, मला वाटायचं जमीन सगळं पिते. पाऊस पिते, सांडपाणी पिते. हेही पीत असेल." मला रागावावयाचे होते, परंतु रागावता आले नाही. त्याला हे कोणी सांगितले नव्हते, आणि ज्याने सांगावयाचे तो त्याच घरात राहत होता.

आता पुढे काय करावे? वाचकहो, असा प्रसंग आपणांवर आला तर जे चार उपाय आपणांस सुचतील तेच आम्हांस सुचले. खड्डा मुरूम टाकून बुजवावा, असे एक म्हणाला. म्हणजे डोळ्यांआड होईल, पण पाण्याकडे जाणारे तेल जातच राहील. काळी माती उकरून ट्रकमधून दूर कोठे तरी टाकावी, असे दुसरा म्हणाला. म्हणजे आमच्या काकींऐवजी दुसऱ्या कोणाच्या तरी काकी. तिसऱ्याने पेटवून देण्याचा सल्ला दिला. तेलकट माती नीट जळत नाही, धुमसते, आणि तो धूर तेलापेक्षाही वाईट. चौथा उपाय बाजारातील साबणाच्या पावडरीने धुण्याचा. त्याने तेल मातीपासून सुटते खरे, पण सुटून पुन्हा पाण्यातच उतरते.

शाळेतून निवृत्त होऊन मला नुकतेच वर्ष झाले होते. वेळ होता. मी वाचावयास बसलो. जे वाचले त्यातील निम्मे मला पूर्वीच ठाऊक असावयास हवे होते.

खनिज तेल हे कारखान्यात बनलेले विष आहे, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. वस्तुतः ते कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या सूक्ष्म जीवांचे अवशेष होत. कर्ब आणि हायड्रोजन यांच्या साखळ्या व कडी मिळून ते बनलेले असते. लाकडात जशी ऊर्जा साठलेली असते तशी ती येथेही असते, आणि जेथे ऊर्जा आहे तेथे ती खाणारा कोणीतरी निसर्गात असतोच. भूगर्भातून तेल आपोआप झिरपणाऱ्या जागा समुद्राच्या तळाशी व जमिनीवर फार प्राचीन काळापासून आहेत. त्यामुळे तेलावर जगण्याची विद्या जीवाणूंनी मनुष्याने पहिली विहीर खोदण्याच्या कितीतरी आधी हस्तगत केली. १९१३ साली झेंगन नावाच्या डच शास्त्रज्ञाने पेट्रोलियम व पॅराफिन यांवर जीवाणू वाढतात हे दाखवून दिले. १९४६ साली अमेरिकेतील क्लॉड झोबेल यांनी तोपर्यंतचे सारे ज्ञान एका विस्तृत लेखात एकत्र केले. म्हणजे माझ्या जन्मापूर्वीच ही गोष्ट सिद्ध झालेली होती.

साध्या बागेतील चिमूटभर मातीत कोट्यवधी जीवाणू असतात. त्यांत तेल पचवू शकणारे फार थोडे. परंतु त्या मातीत तेल सांडत राहिले म्हणजे इतर मागे पडतात आणि या थोड्यांची प्रजा वाढते. स्यूडोमोनास, रोडोकॉकस, असिनेटोबॅक्टर अशी त्यांची नावे आहेत. जीवाणू पाण्यात राहणारा, आणि तेल तर पाण्यात मिसळत नाही. मग हा त्याला तोंड कसा लावतो? त्याची युक्ती मोठी मनोरंजक आहे. यांतील कित्येक जीवाणू स्वतःच साबणासारखा एक पदार्थ तयार करतात. त्याने तेलाचे अतिसूक्ष्म थेंब होतात. मग जीवाणूतील विशिष्ट विकर तेलाच्या साखळीच्या टोकाला प्राणवायूचा एक अणू जोडते. एवढे झाले की साखळीचे रूपांतर क्रमाक्रमाने मेदाम्लात होते, आणि मेदाम्ल पचविणे ही तर बहुतेक सजीवांची नित्याची क्रिया आहे. आपण खाल्लेले तूपही असेच दोन-दोन कर्बांच्या तुकड्यांनी तोडले जाते. शेवटी उरतो तो कर्बवायू आणि पाणी, आणि काही भाग नव्या जीवाणूंच्या शरीरात जातो.

हे वाचून मी रात्री अकरा वाजता भावाला उठविले. तो डोळे चोळीत म्हणाला, "मग आपल्या खड्ड्यात हे जीवाणू आणून सोडायचे?" मी म्हणालो, "आणायला कशाला हवेत? वीस वर्षांपासून तू त्यांना पोसतोच आहेस." त्याचा पुढचा प्रश्न मात्र नेमका होता. "मग त्यांनी आजवर खाल्लं का नाही?"

या प्रश्नाचे उत्तर जगाने मोठी किंमत देऊन मिळविले आहे. २४ मार्च १९८९ रोजी अलास्काच्या किनाऱ्यावर एक्सॉन वाल्डेझ नावाचे तेलवाहू जहाज खडकावर आदळले आणि सुमारे ४ कोटी लिटर कच्चे तेल समुद्रात सांडले. किनारा साफ करण्याच्या अनेक खटपटी झाल्या. त्यांतील एक खटपट अशी की, गोट्यांच्या किनाऱ्यावर चक्क खत फवारण्यात आले. तेल खाणारे जीवाणू तेथे होतेच. त्यांच्यापुढे कर्बाचे डोंगर पडले होते, परंतु शरीर वाढविण्यास लागणारे नत्र व स्फुरद नव्हते. नुसता भात ताटात वाढून डाळ, भाजी काहीच न दिल्यास जी अवस्था होईल ती त्यांची झाली होती. खत मिळालेल्या जागी तेल अधिक वेगाने नाहीसे झाले. उलट खोल गोट्यांखाली, जेथे प्राणवायू पोहोचला नाही, तेथे ते तेल पुढे अनेक वर्षे ताजेच्या ताजे सापडत राहिले.

आमच्या खड्ड्याचे कोडे यात सुटले. खड्ड्यात हवा नव्हती. एक किलो तेल पूर्ण पचविण्यास तीन किलोंहून अधिक प्राणवायू लागतो, आणि तेलाने चिकटलेल्या, ट्रकच्या चाकांनी दाबलेल्या मातीत तो जाणार कोठून? खत नव्हते. उन्हाळ्यात ओल नव्हती, पावसाळ्यात खड्डा तुडुंब भरे. आणि सर्वांत मुख्य म्हणजे, त्यांच्या पचनाच्या कितीतरी पट वेगाने आम्ही वरून ओतीतच होतो.

येथे एक भारतीय नाव सांगितलेच पाहिजे. बंगालमधील सैंथिया येथे १९३८ साली जन्मलेले आनंद मोहन चक्रवर्ती यांनी अमेरिकेत, तेलातील अनेक घटक एकट्याने पचवू शकेल असा स्यूडोमोनास जीवाणू तयार केला. सजीवावर पेटंट देता येते की नाही यावर खटला झाला आणि १९८० साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला. कायद्याच्या इतिहासात हा जीवाणू अमर झाला. समुद्रावरील तेल साफ करण्यास मात्र त्याला प्रत्यक्षात कधी सोडण्यात आले नाही. मला यात विज्ञानाचा पराभव दिसत नाही, तथापि एक गंमत दिसते: न्यायालयात गाजला तो एकटा मल्ल, आणि काम उरकले ते नावगाव नसलेल्या जमावाने.

जमावाची ही कल्पना आपल्याकडेही साकार झाली आहे. दिल्लीच्या 'टेरी' या संस्थेतील शास्त्रज्ञांनी केंद्र शासनाच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या साहाय्याने 'ऑइलझॅपर' नावाचे एक मिश्रण तयार केले. त्यात पाच प्रकारचे जीवाणू आहेत. कोणी सरळ साखळ्या खातो, कोणी कडी फोडतो, कोणी आणखी जड भागास हात घालतो. दाणे काढून घेतलेल्या मक्याच्या कणसाच्या भुग्यावर ते बसविलेले असतात आणि पिशव्यांत भरून पाठविता येतात. तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या आवारातील तेलकट गाळावर त्याचा उपयोग झाला. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराबाहेर एमएससी चित्रा आणि खलिजिया या दोन जहाजांची टक्कर होऊन मुंबई व रायगडच्या किनाऱ्यांवर तेल आले, तेव्हाही हे मिश्रण किनाऱ्याच्या सफाईस वापरले गेले.

खुद्द पोलादाच्या धंद्यातही जीवाणू नोकरीस आहेत, हे आमच्या गावातील फार थोड्यांना ठाऊक असेल. कोळशाचा कोक करताना निघणाऱ्या पाण्यात फिनॉल आणि सायनाइड यांसारखी द्रव्ये असतात. कोक-भट्ट्या असलेल्या कारखान्यांत हे पाणी हवा खेळविलेल्या टाक्यांतून नेतात आणि त्यांतील जीवाणू फिनॉल खाऊन टाकतात. भिलाईची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली, हे आम्ही मुलांकडून पाठ करून घेत असू. जीवाणूंच्या टाक्या पाठात नव्हत्या.

असो. आता आमचे काम. मी प्रथम काय केले तर काही केले नाही, भावाने केले. त्याने खड्ड्यात ओतणे त्याच दिवशी बंद केले, गॅरेजच्या जमिनीवर सिमेंटचा कोबा घातला, धुण्याच्या जागेखाली पत्र्याचा मोठा ट्रे बसविला, आणि सारे टाकाऊ तेल झाकणाच्या पिंपात साठवून ते अधिकृत परवाना असलेल्या पुनर्वापर कारखान्याकडे देण्यास सुरुवात केली. जळके तेल घातक कचऱ्यात मोडते आणि ते कोणालाही विकता येत नाही, हा नियम त्याला तेव्हा समजला, मलाही तेव्हाच.

माती उकरण्याचे काम लांबत गेले. एका ओळखीच्या प्राध्यापकांनी बजावले होते की, हे काम हातमोजे व गमबूट घातल्याशिवाय करावयाचे नाही, आणि माती थेट जमिनीवर पसरावयाची नाही. दरम्यान २०२० चा मार्च आला, टाळेबंदी झाली, रस्त्यावरचे ट्रक थांबले आणि गॅरेज बंद पडले. ज्या हातांनी वीस वर्षे स्पॅनर धरला त्या हातांना काही काम उरले नाही. एप्रिलमध्ये भावाने कुदळ उचलली.

छत्तीसगडात मातीला चार नावे आहेत: भाटा, मटासी, डोरसा आणि कन्हार. भाटा म्हणजे लाल मुरमाड, कन्हार म्हणजे काळी चिकण, इतर दोन मधल्या. आमची मूळची मटासी, पिवळसर आणि बऱ्यापैकी भुसभुशीत. परंतु खड्ड्यातील मातीचा रंग व चिकटपणा कन्हारासही लाजवील असा झाला होता. कोब्याच्या रिकाम्या तुकड्यावर जाड ताडपत्री अंथरून, कडेला विटांचा बांध घालून, त्यावर आम्ही त्या मातीचे दोन ढीग केले. पहिल्या ढिगात शेजारच्या भातगिरणीतील तूस मिसळले, म्हणजे मातीत पोकळी राहून हवा खेळावी. जुने कुजलेले शेणखत घातले आणि थोडा युरिया. येथे माझा जुना विषय उपयोगी पडला. कर्बाच्या शंभर भागांना नत्राचे सुमारे दहा आणि स्फुरदाचा एक भाग असा ढोबळ हिशेब सांगितलेला आहे. तो बघून मी तराजू घेऊन बसलो. फार युरिया घातला तर जीवाणूंनाच तो बाधतो. तणस घालण्याचा भावाचा विचार मी मोडून काढला, कारण तणस कुजविण्यातच नत्र खर्ची पडते. दुसऱ्या ढिगात काहीच घातले नाही. तो तसाच ठेवला.

"हा कशाला ठेवायचा?" भाऊ विचारी. "जागा उगाच अडते." शाळेत ज्याला आपण तुलनेचा प्रयोग म्हणतो तो समजावून सांगण्यात माझी एक संध्याकाळ गेली. पुढे तोच येणाऱ्या-जाणाऱ्यास तो दुसरा ढीग दाखवू लागला.

दर पंधरवड्यास पहिला ढीग फावड्याने वरखाली करावयाचा, आणि ओल पाहावयाची. ओलीची परीक्षा सोपी: मूठभर माती दाबली तर गोळा व्हावा, पण बोटांतून पाणी गळू नये. मे महिन्यात येथे पारा ४४-४५ अंशांपर्यंत जातो. तेव्हा ढिगावर ओले पोते टाकावे लागे. पावसाळ्यात वर ताडपत्री झाकून, तिच्या कडा उचलून हवा द्यावी लागे, नाहीतर सारा गाळ वाहून पुन्हा आहे तेथेच. हे सारे वर्णन करताना मला आईच्या शेवटच्या आजारपणाची आठवण होते. तेव्हाही असेच कूस बदलणे, पाणी देणे, वारा येतो की नाही पाहणे. औषधाचे काम औषध करी, आमचे काम एवढेच होते.

पहिल्या महिन्यात काहीच दिसले नाही. दुसऱ्या महिन्यात ढिगाच्या आत हात घातला असता किंचित ऊब लागली, आणि वासातील रॉकेलचा तिखटपणा गेला. दिवाळीच्या सुमारास पहिल्या पावसानंतर येतो तसा मातीचा वास त्यातून अधूनमधून येऊ लागला. केवळ नाकावर विश्वास ठेवू नये म्हणून मी मुगाची परीक्षा घेतली. तीन कुंड्या, एकीत आवाराच्या दूरच्या टोकाची चांगली माती, दुसरीत पहिल्या ढिगाची, तिसरीत दुसऱ्या ढिगाची, प्रत्येकीत वीस दाणे. चांगल्या मातीत अठरा उगवले. दुसऱ्या ढिगाच्या मातीत तीन, तेही पिवळे पडून मान टाकलेले. शुश्रूषा केलेल्या मातीत अकरा. भावाने ते अकरा कोंब दोनदा मोजले. मग काही न बोलता त्याने कुंडी उचलली आणि कुंपणाजवळ, काकींना दिसेल अशा ठिकाणी नेऊन ठेवली.

पुढील वर्षी आम्ही दुसऱ्या ढिगालाही खत दिले, आणि खड्ड्याच्या कडेची माती टप्प्याटप्प्याने काढून तिसरा ढीग घातला. २०२२ च्या हिवाळ्यात मुगाचे सोळा दाणे उगवले.

वाचकहो, येथेच थांबून मी आपला निरोप घेतला असता तर ही एक गोड गोष्ट झाली असती. परंतु आपल्यापैकी कोणी आपल्या परसात हाच प्रयोग करावयास निघाल, म्हणून उरलेले सांगणे प्राप्त आहे. आम्ही माती एका प्रयोगशाळेत तपासून घेतली. तेलाचा हलका भाग बहुतेक गेला होता. डांबरासारखा जड भाग बराचसा तसाच होता, कारण अनेक कड्यांनी गुंफलेले ते रेणू जीवाणूंनाही फार सावकाश पचतात. आणि त्यांतील काही द्रव्ये कर्करोगास कारण होणारी आहेत. शिवाय शिसे आणि जस्त. बेअरिंगच्या झिजेतून शिसे व तांबे येते. जस्त तर इंजिनाचे भाग झिजू नयेत म्हणून तेलातच घातलेले असते. धातू हा मूलद्रव्य आहे. तो कोणी खाऊन नाहीसा करू शकत नाही. तेल गेले, माती मोकळी झाली, आणि शिसे जेथल्या तेथे राहिले.

त्यामुळे आईच्या वांग्या-भेंड्यांची जागा आम्ही परत मिळविली नाही. त्या मातीत आता झेंडू आहे. नातवंडांना तेथे मातीत खेळू देत नाही. ज्या थरापर्यंत कुदळ पोहोचली नाही तेथे हवाही पोहोचत नाही, आणि विहिरीच्या झऱ्यांशी गेलेले तेल किती आहे हे वरून सांगता येत नाही. विहिरीच्या पृष्ठावरील तवंग आम्ही कापसाच्या गाद्यांनी टिपून काढला. तो कापूसही घातक कचरा म्हणून वेगळा द्यावा लागला. मोरपिशी रंग २०२१ नंतर दिसलेले नाहीत. पण न दिसणे म्हणजे नसणे नव्हे. पाण्यात विरघळलेला भाग डोळ्यांना दिसत नाही. म्हणून पाणी पिण्यास वापरीत नाही, गॅरेजच्या कोब्यावर शिंपडण्यासही वापरीत नाही. वर्षातून दोनदा, वैशाखात आणि कार्तिकात, दोन्ही विहिरींचे नमुने तपासावयास पाठवितो. काकींच्या विहिरीत प्रथमपासूनच फारसे काही सापडले नव्हते, आणि गेल्या चार तपासण्यांत काहीच नाही. हा खर्च भाऊ करतो. पावत्या त्याने खिळ्याला टांगून ठेवल्या आहेत.

पैशांचा हिशेबही सांगतो, कारण गृहिणी तो विचारतील. त्या खड्ड्यात वर्षानुवर्षे ओतलेले धुवणाचे काळे पाणी पिंपात साठविले असते तर दरमहा एखादे पिंप आणि थोडे श्रम एवढाच खर्च होता. पुढे माती काढण्यात, ताडपत्र्या, कोबा, तपासण्या आणि काकींच्या घरी नळाची जोडणी करून देण्यात जे गेले, त्यात भावाच्या धाकट्या मुलाचे एक वर्षाचे शिक्षण झाले असते. भाऊ हे हसत सांगतो. त्याची पत्नी हसत नाही.

कडुनिंबाची वाळलेली फांदी आम्ही कापली. उरलेल्या झाडाला यंदा चैत्रात नेहमीसारखा मोहोर आला. काकींचा नातू आता शाळेत जातो, परवा तो कुंपणावरून डोकावून मला विचारीत होता, "आजोबा, तुमचे ते तेल खाणारे किडे दिसतात कसे?" शाळेतील जुने सूक्ष्मदर्शक मागून आणण्याचे मी त्याला कबूल केले आहे. तिसरा ढीग अजून उलटावयाचा आहे. पाऊस लवकर येण्याची लक्षणे आहेत, म्हणून या रविवारीच ताडपत्री बदलावी असे भावाचे म्हणणे पडले.